आपले गाणे आणि आपली नभोवाणी

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात कराड येथे दिलेले व्याख्यान)



विद्यार्थ्यांचा गुणगौरव झाला, जमाखर्चास मंजुरी मिळाली, आणि भोजनास अद्याप थोडा अवकाश आहे. तेवढ्या वेळात कोणी तरी चार शब्द बोलावे म्हणून चिटणीसांनी आम्हांस उभे केले आहे. विषय निवडण्याची मोकळीकही त्यांनी दिली आहे. आम्ही गवई नाही, अभियंताही नाही. आपल्या भागातील एका लहान सामुदायिक नभोवाणी केंद्रावर गेली काही वर्षे आठवड्यातून एक सायंकाळ विनावेतन निवेदकाचे काम करीत आलो आहोत, इतकाच आमचा अधिकार. त्या केंद्राचे नाव आम्ही मुद्दाम घेत नाही. पुढे एका चुकीची हकिकत सांगावयाची आहे. ती चूक आमची आहे, आणि तिचा डाग केंद्रास लागू नये अशी आमची इच्छा आहे.

प्रथम एका शब्दाचा खुलासा करणे बरे. हल्लीची तरुण मंडळी 'स्वतंत्र संगीत' असा शब्द वापरतात. चित्रपटासाठी न रचलेले, ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीच्या आश्रयावाचून स्वतः रचलेले आणि स्वतः गायिलेले गाणे, असा त्याचा अर्थ. कराड-मलकापुरातील महाविद्यालयांत शिकणारी मुले आपल्या खोलीत बसून अशी गाणी करतात व भ्रमणध्वनीवरून एकमेकांस पाठवितात. ही काही तरी अगदी नवी गोष्ट आहे असे त्यांस वाटते. पण या व्याख्येत सर्वांत आधी आपली आजी बसते. पहाटे जात्याशी बसून ओवी रचणाऱ्या बाईला कोणी बिदागी दिली नव्हती. कोणी तिचा आवाज तपासला नव्हता, आणि अमुक इतक्या मिनिटांत गाणे संपव असेही तिला कोणी बजावले नव्हते. तिच्या गाण्यास श्रोता तेवढा नव्हता. असलाच तर समोर दळू लागणारी जाऊ आणि मांडीवर झोपलेले मूल. हे गाणे आणि नभोवाणी यांची गाठ कशी पडली, मध्यंतरी का सुटली, आणि ती पुन्हा बांधण्यासाठी आपल्यासारख्या संस्थेस काय करता येईल, एवढेच आज मांडावयाचे आहे.

आपल्या देशात नभोवाणीचा आरंभ हौशी मंडळींनी केला, हे आज फारसे कोणाच्या ध्यानात नसते. १९२३ साली मुंबईत रेडिओ क्लबाने जे पहिले कार्यक्रम प्रक्षेपित केले, ते करणारे लोक सरकारी नोकर नव्हते. पुढे कंपनी निघाली आणि २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे केंद्र सुरू झाले. तीन वर्षांच्या आत ती कंपनी बुडाली, १९३० साली सरकारने कारभार हाती घेतला, आणि १९३६ साली 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव पडले. तेव्हापासून ध्वनिलहरी ही सरकारची मालमत्ता आहे अशी सर्वांची समजूत होऊन बसली.

या समजुतीला एकदा मोठा धक्का बसला, तोही स्वयंसेवकांच्याच हातून. १९४२ च्या ऑगस्ट महिन्यात नेते तुरुंगात गेले आणि वर्तमानपत्रांची तोंडे बांधली गेली, तेव्हा मुंबईत उषा मेहता या बावीस वर्षांच्या तरुणीने आपल्या सोबत्यांसह गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. २७ ऑगस्टपासून १२ नोव्हेंबरपर्यंत, जागा बदलीत बदलीत, तो आवाज चालू राहिला आणि अखेर पोलिसांनी तो पकडला. त्याच ऑगस्टात आपल्या कराडच्या कचेरीवर मोर्चा निघाला होता आणि पुढील वर्षापासून या सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे राहिले. आपल्या आजोबांच्या पिढीने आपले सरकार स्वतः चालवून पाहिले. स्वतःचा आवाज स्वतः पोहोचवावा ही इच्छा त्याच मातीतली आहे.

स्वातंत्र्यानंतर आकाशवाणीने जे केले त्याचे ऋण आपण विसरता कामा नये. पुण्याचे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. ते अवघे दीड वर्षाचे असताना, १ एप्रिल १९५५ रोजी, त्याने गीतरामायणाचे पहिले गीत प्रक्षेपित केले. केंद्रावरील सीताकांत लाड यांनी आपल्या मित्राकडे, म्हणजे ग. दि. माडगूळकरांकडे, शब्द टाकला होता. माडगूळकरांनी दर आठवड्यास एक याप्रमाणे गीते लिहिली, सुधीर फडके यांनी चाली दिल्या, आणि वर्षभरात छप्पन्न गीते झाली. घरोघर लोक ठरल्या वेळी यंत्रापाशी बसत. आता या गोष्टीकडे आपल्या गावच्या नजरेने पाहा. माडगूळकरांचा जन्म आटपाडी भागातील शेटफळे येथला आणि त्यांचे गाव माणगंगेकाठचे माडगुळे, फडके कोल्हापूरचे. त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर यांनी त्याच पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांत अनेक वर्षे काम केले व माणदेशची बोली लहरींवर नेली. हे गीतकाव्य कोणत्याही चित्रपटासाठी झालेले नव्हते. नव्या केंद्रास दर आठवड्यास काही तरी द्यावयाचे होते आणि त्याने ते आपल्याच मुलखातील माणसाकडे मागितले. केंद्राने मागितले नसते तर ती छप्पन्न गीते झाली नसती. नभोवाणी ही गाणे ऐकविते तशी गाणे निर्माणही करविते, याचा याहून चांगला पुरावा आम्हांस ठाऊक नाही.

पण त्याच काळाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९५२ पासून दहा वर्षे माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री असलेले बा. वि. केसकर हे आपल्या महाराष्ट्रातलेच. हेतू थोर होता. शास्त्रीय संगीताला राजाश्रय गेल्यानंतर लोकाश्रय मिळावा म्हणून त्यांनी झटून प्रयत्न केले आणि अनेक गवयांच्या घरी चूल पेटती राहिली. परंतु चित्रपटगीतांना त्यांनी आकाशवाणीवर आखडते घेतले तेव्हा लोक केंद्राची सुई फिरवून रेडिओ सिलोनकडे वळले. तेथे १९५२ च्या डिसेंबरात बिनाका गीतमाला सुरू झाली आणि अमीन सयानी यांचा आवाज घराघरांत शिरला. शेवटी १९५७ साली विविध भारती काढून सरकारला लोकांच्या आवडीशी तडजोड करावी लागली. हार्मोनियमची कथा तर आपल्या भजनी मंडळांनी ऐकण्यासारखी आहे. १९४० पासून आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. ती १९७१ साली शिथिल झाली. ज्या पेटीवाचून आपल्याकडे एकादशीचे भजन उभे राहत नाही, ती तीस वर्षे सरकारी दालनाच्या बाहेर बसून राहिली. गाण्याची पारख करणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हते. परंतु पारख करणारे दूर होते, आणि गाणारे त्यांच्या ओळखीचे नव्हते.

१९६३ साली सांगलीस आकाशवाणीचे केंद्र झाले आणि हे अंतर पुष्कळ कमी झाले. आपल्या भागातील शाहीर, भजनी मंडळे, धनगरी ओव्या गाणारे गजीमंडळ आणि मिरजेच्या परंपरेतील गवई यांस जवळचे दार मिळाले. आपल्यापैकी वडीलधाऱ्या मंडळींनी सांगलीचे कार्यक्रम शेताच्या बांधावर यंत्र ठेवून ऐकले आहेत. तरीही ते दार आवाजाच्या परीक्षेचे होते. परीक्षेला बसावयाचे म्हणजे अर्ज करावा लागतो, प्रवास करावा लागतो, आणि अनोळखी माणसांपुढे गावे लागते. आमची आजी कशी जाणार?

या कोंडीतून वाट निघाली ती एका क्रिकेटच्या खटल्यामुळे, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. बंगालच्या क्रिकेट संघटनेने सामने दाखविण्याचे हक्क परकीय कंपनीस दिले, त्यावरून सरकारशी वाद झाला, आणि तो सर्वोच्च न्यायालयात गेला. फेब्रुवारी १९९५ मध्ये न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या निकालपत्राने स्पष्ट केले की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिच्यावर सरकारची मक्तेदारी नाही, तशी धनवंतांचीही नसावी. त्यानंतर २००२ साली शिक्षणसंस्थांना आणि २००६ साली नोंदणीकृत सेवाभावी संस्थांना लहान केंद्रे चालविण्याची मुभा मिळाली. २००८ साली तेव्हाच्या आंध्रातील मेदक जिल्ह्यात, माचनूर येथे, 'संगम रेडिओ' सुरू झाला; तो चालविणाऱ्या खेड्यातील दलित भगिनी होत्या. त्याच वर्षी आपल्या सातारा जिल्ह्यात म्हसवड येथे 'माणदेशी तरंग वाहिनी' ही माणदेशी संस्थेची वाहिनी निघाली. पुढे सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात, जालिहाळ येथे, येरळा प्रोजेक्ट्स सोसायटीची 'येरळावाणी' सुरू झाली. आज देशात अशी पाचशेच्या वर केंद्रे आहेत. म्हसवड हे माणगंगेच्या काठी आहे आणि माडगुळेही तिच्याच काठी, खाली. ज्या नदीने पुण्याच्या केंद्राला कवी दिला, तिच्या काठी दुष्काळी मुलखातील बायाबापड्यांनी आता स्वतःचा ध्वनिक्षेपक उभारला आहे.

हे लहान केंद्र चालते कसे, तेही थोडक्यात सांगतो. पन्नास वॅटचा प्रक्षेपक, म्हणजे आपल्या घरातील पंख्याइतकी शक्ती. तीस मीटरपर्यंत उंचीचा खांब. या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. डोंगर आडवा आला की अडतात. कराडातील एखाद्या गच्चीवर असा खांब उभारला असे समजा. संगमाच्या पलीकडील सपाटीवर आवाज दहा-पंधरा किलोमीटर स्वच्छ जाईल, पण आगाशिवाच्या आड वसलेल्या वाडीला तो लागणार नाही. जाहिरातींच्या वेळेवर मर्यादा आहे. स्वतःच्या बातम्या देण्यास परवानगी नाही. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा देता येतात. आणि निम्म्याहून कमी नाही इतका कार्यक्रम त्या परिसरातील लोकांच्या सहभागाने तिथेच तयार झालेला असावा लागतो. बाजारातील गाणी वाजवावयाची म्हणजे त्यांच्या मालकांना परवान्याचे पैसे द्यावे लागतात, आणि लहान केंद्राच्या पेटीत ते नसतात. याचा परिणाम असा की नियमाने म्हणा, गरिबीने म्हणा, केंद्राला शेजाऱ्याच्या दारी जाऊन 'गाणे वाढा हो' असे म्हणावे लागते.

आम्ही प्रथम गेलो तेव्हा आम्हांस हे सारे उणेपण वाटत असे. लोक दूरध्वनी करीत आणि चित्रपटातील गाणे मागत. आम्ही ओशाळून नाही म्हणत असू. मग एका सायंकाळी एक विद्यार्थी आपले गाणे घेऊन आला. गळीत हंगाम चालू होता. कारखान्याच्या वाटेवर उसाच्या गाड्यांची रीघ लागलेली होती. मुलाने ऊस तोडण्यासाठी मराठवाड्यातून आलेल्या एका कुटुंबावर गाणे रचले होते. ध्वनिमुद्रण खोलीत केलेले. मागे पंख्याची घरघर ऐकू येत होती. आम्ही ते लावले. गाणे संपते न संपते तोच दूरध्वनी आला. बोलणारी बाई ऊसतोडणीवर आलेली होती, मुकादमाच्या भ्रमणध्वनीवरून बोलत होती. ती म्हणाली, "दादा, गाणं चांगलं हाय. पण आमी त्याला झोपडी म्हणत न्हाई, कोपी म्हणतो." पुढच्या आठवड्यास मुलगा आला तो शब्द बदलून, चालही थोडी वळवून आला, कारण 'कोपी' हा शब्द जुन्या चालीत बसेना. आम्ही पुन्हा गाणे लावले. त्या बाईचा दूरध्वनी आला नाही. हंगाम संपून टोळी गेली असावी. पण मुलाला त्या दिवशी गीतकाराचा धडा मिळाला, आणि तो देणारी बाई त्याच्या गाण्याचा विषय होती. लाखो लोकांनी ऐकलेल्या गाण्यास अशी दुरुस्ती कोण कळविणार, आणि कळविली तर ऐकणार कोण? तेव्हापासून दहा-पंधरा किलोमीटरच्या मर्यादेबद्दल आम्ही कुरकुर केलेली नाही. गाणारा आणि ऐकणारा एका बाजाराला जातात, एका पुलावरून जातात, हीच या केंद्राची पुंजी आहे.

आता ती चूक सांगतो. सांगताना जड वाटते. पण जेथे आपली माणसे बसली आहेत तेथे सांगितली नाही तर कोठे सांगावी?

आपल्या ज्ञातीतील एक वृद्ध भगिनी, वय ऐंशीच्या पुढे, ओव्यांसाठी नात्यागोत्यात प्रसिद्ध होत्या. आम्ही त्यांस केंद्रावर आणले. खुर्चीवर बसविले, समोर ध्वनिग्राहक ठेवला, आणि म्हटले, काकू, म्हणा. काकू गप्प. दोन ओव्या म्हणाल्या आणि थांबल्या. "आठवंना," म्हणाल्या. आम्हांस वाटले वयाचा परिणाम. केंद्रावर काम करणारी एक तरुण मुलगी मात्र शहाणी निघाली. ती शेजारच्या घरून जाते उचलून घेऊन आली, जमिनीवर पोते अंथरले, आणि काकूंना खुंट्याशी बसविले. पाळूत मूठभर ज्वारी टाकली. जाते फिरू लागले आणि काकूंचा गळाही फिरू लागला. ओवी त्यांच्या डोक्यात नव्हतीच, ती हातात होती. भाऊ, माहेरची वाट, कृष्णेचा पूर, पंढरीची वारी, दुष्काळात विकलेली गाय, लेकीचे पहिले बाळंतपण, एकामागून एक चाळीसच्या वर ओव्या झाल्या. जात्याची घरघर आम्ही मुद्दाम राहू दिली.

त्यांतील सहा ओव्या आम्ही कार्यक्रमात घेतल्या. कार्यक्रम अर्ध्या तासाचा, त्यात पाककृती, त्यात दवाखान्याची वेळ, सहाच बसल्या. बाकीचे मुद्रण संगणकावर पडून होते. चार महिन्यांनी जागा भरली, नवे काही मुद्रित करावयाचे होते, आणि जुन्या नोंदी पुसण्याचे काम आमच्याकडे होते. आम्ही नावे न वाचता पुसल्या. त्यांत काकूंच्या ओव्या गेल्या. प्रक्षेपित झालेल्या सहाही गेल्या. कारण कार्यक्रमाची प्रत ठेवण्याची आम्हांस तेव्हा सवय नव्हती.

पुढील पावसाळ्यात काकू वारल्या. तेराव्यानंतर त्यांची लेक आमच्याकडे आली. तिने रडणे नाही, आरोप नाही. इतकेच विचारले की आईचा आवाज मिळेल का; नातवंडांना ऐकवावयाचा आहे. आम्ही तिला खरे काय ते सांगितले. ती थोडा वेळ बसली, चहा घेतला, आणि जाताना म्हणाली, "तुम्ही बोलावलंत म्हणून ती मरायच्या आधी एकदा पोटभर गायली, हे काय कमी?" ती भगिनी आज या सभागृहात बसली आहे. तिचे औदार्य मोठे; पण तिच्या औदार्याने आमचा दोष कमी होत नाही, हे आम्ही तिच्यासमोर बोलून दाखवितो.

या गोष्टीवरून आम्ही जे शिकलो ते असे. लहरीवर गेलेले गाणे हवेत विरते. ऐकविणे आणि जतन करणे ही दोन कामे आहेत, आणि दुसरे काम केंद्रास बहुधा जमत नाही. त्यास मनुष्यबळ नसते, कपाट नसते, आणि उद्याच्या कार्यक्रमाची घाई सदैव मानेवर असते. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या अभ्यासक जोडप्याने व त्यांच्या सोबत्यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ती दोन माणसे मूळची आपल्या घरांतली नव्हती. त्यांनी लाख ओव्या राखल्या आणि आम्ही आपल्याच काकूंच्या चाळीस राखू शकलो नाही. गिरण्या गावोगाव आल्या त्यास आता दोन पिढ्या होऊन गेल्या. जात्यावर गायलेल्या बायका आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. या कामास अनंत काळ मिळणार नाही.

म्हणून संस्थेपुढे आमच्या तीन विनंत्या आहेत. संस्थेने स्वतःचे केंद्र काढावे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तो व्याप आपल्या आवाक्याबाहेरचा आहे.

पहिली विनंती अशी की या वर्षीच्या शिल्लकेतून एक चांगले ध्वनिमुद्रण यंत्र घ्यावे आणि दोन तरुण सभासदांनी, त्यांत एक मुलगी अवश्य असावी, घरोघर जाऊन वडीलधाऱ्यांची गाणी मुद्रित करावी. ओव्या, पाळणे, डोहाळे, मंगळागौरीची गाणी, भजनाच्या जुन्या चाली, कोणतेही वर्ज्य मानू नये. गाणाऱ्यास खुर्चीवर बसवू नये. जाते असेल तर जात्याशी, पाळणा असेल तर पाळण्याशी बसवावे. प्रत्येक मुद्रणाच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी असाव्या, आणि एका जाड वहीत गाणाऱ्याचे नाव, माहेर, सासर, दिवस आणि कोणाकडून शिकली हे हाताने लिहून ठेवावे. संगणक बिघडतो, वहीला वाळवी लागेपर्यंत तरी ती वाचता येते.

दुसरी विनंती हक्काविषयी. गाणाऱ्यास विचारून, तिची संमती लिहून घेऊनच मुद्रण केंद्रास द्यावे. तिने नको म्हटले तर ते घरातच ठेवावे. आपल्या कायद्याने १९९४ पासून सादर करणाऱ्याचाही हक्क मानला आहे आणि आज त्याची मुदत पन्नास वर्षांची आहे. आपल्या आजीचे गाणे उद्या कोणी चाल उचलून बाजारात विकले तर तिचे नाव तरी त्यावर असावे. स्वतंत्र संगीत म्हणजे फुकटचे संगीत, असा समज आपणच करून घेऊ नये.

तिसरी विनंती काहींना रुचणार नाही याची आम्हांस कल्पना आहे. हे काम ज्ञातीपुरते ठेवू नये. कार्यकारी मंडळात हा विषय निघाला तेव्हा एका आदरणीय सभासदांनी विचारले की ज्ञातीच्या वर्गणीतला पैसा ज्ञातीबाहेर का जावा? प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्यास प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. आमच्या काकूंनी ओव्या ज्यांच्यासमवेत रचल्या त्या बायका सगळ्या आपल्या ज्ञातीच्या नव्हत्या. शेताला जाताना, पाणवठ्यावर, वारीच्या वाटेवर गाणे एका ओठातून दुसऱ्या ओठात गेले, आणि जाताना त्याने कोणाची पोटजात विचारली नाही. दुसरे असे. आपल्या घरची लग्ने आठवा. हलगी आणि सनईवाचून आपली वरात कधी निघाली नाही. पण ती वाजविणाऱ्याचे नाव आपल्या कोणत्या निमंत्रणपत्रिकेत छापले आहे? आमच्या घरच्या जुन्या पत्रिका आम्ही काढून पाहिल्या. मामांची, काकांची, व्यवस्थापकांची, छोट्या बाळांचीसुद्धा नावे आहेत. वाजंत्र्याचे एकदाही नाही. ज्याने आपल्या प्रत्येक मंगलकार्याला नाद दिला, त्याचे नाव घेण्याचे सौजन्य आपण दाखविले नाही. ज्ञातीच्या पैशाने मुद्रित होणाऱ्या पहिल्या गाण्यांत त्याची हलगी असावी, आणि वहीच्या पहिल्या पानावर त्याचे नाव असावे, असे आम्हांस मनापासून वाटते. यात उपकार काही नाही, थकलेले देणे फिटते एवढेच.

कोणी म्हणेल, आज प्रत्येकाच्या खिशात भ्रमणध्वनी आहे, जगातील हवे ते गाणे क्षणात मिळते. मग या लहान केंद्रांची आणि वह्यांची गरज काय? भ्रमणध्वनी आपण मागू ते देतो. पण जे आहे हेच आपल्याला ठाऊक नाही, ते आपण मागणार कसे? पलीकडच्या आळीतली म्हातारी काय गात असे, हे जगाच्या कोठारात शोधून सापडत नाही. ते शेजारच्या माणसाने ऐकवावे लागते. केंद्रावर बसलेला माणूस हा असा शेजारी असतो. आम्ही त्या कामात एकदा चुकलो. आता वह्या ठेवतो, प्रती ठेवतो, आणि पुसण्यापूर्वी नाव मोठ्याने वाचतो.

जाता जाता एक आनंदाची गोष्ट सांगतो. काकूंच्या लेकीला आईच्या ओव्यांपैकी अकरा आठवतात असे तिनेच गेल्या महिन्यात कळविले. तिचे म्हणणे असे की आपला गळा आईसारखा नाही. आम्ही तिला विनंती केली आहे की गळ्याचा विचार करू नये. जाते आम्ही आणतो. संमेलनानंतरच्या रविवारी सकाळी तिच्या घरी मुद्रण ठरले आहे. ज्या तरुणांना यंत्र हाताळण्याची इच्छा असेल त्यांनी त्या दिवशी यावे, आणि ज्या भगिनींना त्या अकराच्या पुढची बारावी ठाऊक असेल त्यांनी अवश्य यावे.